अणुभट्टी फोडायला आलेल्या शालूबाई

तीर्थस्वरूप रूपरावमामांस समीक्षाचा साष्टांग नमस्कार.

मामा, अख्खं गाव ट्रॅक्टरवर बसून निघून गेलं आणि एक बाई घरातच राहिली, तर चूक कोणाची? मी आपत्ती व्यवस्थापनाच्या कामावर आहे, आपल्या घराण्यातली पहिली पदवीधर आहे (हे तुम्ही एसटीच्या अनोळखी कंडक्टरलाही सांगता), तरी मला याचं उत्तर येत नाही. म्हणून पत्र लिहिते आहे. फोनवर तुम्ही "जेवली का वं?" विचारता, मी "हो" म्हणते आणि आपलं बोलणं तिथंच संपतं.

मामींची टाच कशी आहे? वांग्यांवरची अळी गेली का? मी बरी आहे. नालवाडीची खोलीही बरी आहे. रविवारी दिवसभरात कोणी बोललं नाही, तर मी कुकरच्या शिट्टीला "आले, आले" म्हणते. (हे आईला वाचून दाखवू नका.)

तर झालं असं. आपल्या भागाजवळ कुठंतरी अणुऊर्जा प्रकल्प येणार अशी चर्चा आहे. नक्की कुठं, ते कोणालाच ठाऊक नाही. पण वडनेरचे सरपंच लक्ष्मणराव यांनी ऑफिसला लिहून विचारलं की काही बरंवाईट झालं तर आमची माणसं जाणार कुठं? मला हा प्रश्न फार आवडला. ऑफिसात तो दुसऱ्या कोणालाच आवडला नसल्यामुळे आराखडा करायला मलाच पाठवलं. मी पंचायतीच्या फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'अणुभट्टीबाबत ग्रामसभा. सर्वांनी यावे.' मामा, आपला जिल्हा दारूबंदीचा. इथं 'भट्टी' वाचल्यावर माणसाच्या डोळ्यांपुढं काय येतं, ते मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं.

सभेला बाया आल्या त्या काठ्या घेऊन. पुढं शालूबाई. साठी उलटलेली, बाजारात सांभार-मेथीच्या जुड्या विकणारी, एकटी राहणारी बाई. आजवर तिनं नाल्याकाठच्या इतक्या भट्ट्या फोडल्या आहेत की पोलीससुद्धा तिला रस्ता विचारतात. "कोन होय हा अणू? कोनाच्या वावरात टाकून राह्यला भट्टी?" असं ती गरजली, तेव्हा गावातले अन्नू शिंपी (बिचारे चहासुद्धा घेत नाहीत) मागच्या मागं निघून गेले. मी समजावून सांगितलं की ही भट्टी विजेची, हिच्यात पाणी तापवून वाफ करतात. शालूबाई म्हणाली, "मंग दारूच्या भट्टीत दुसरं काय करते?" मी किरणोत्सर्गाबद्दल बोलले, अपघात झाला तर गाव सोडून पळावं लागेल असंही सांगितलं. त्यावर ती म्हणाली, "आमाले पाहून भट्टीवाला पळते, बाई. आमी काऊन पळाचं?" टाळ्या पडल्या. जिल्ह्यात दारूबंदी असल्याने अणुभट्टीस परवानगी देऊ नये, असा ठराव एकमतानं झाला. तो ऑफिसात वाचताना साहेबांना ठसका लागला.

तरी गाव रिकामं करण्याचा सराव घ्यायचाच होता. मी नोटिशीत 'रंगीत तालीम' लिहिलं, म्हणून काही जण कोणतं नाटक आहे ते विचारून गेले. ठरल्याप्रमाणे भोंगा वाजवला. शेजारच्या गावच्या शाळेत आलूबोंडे आहेत ही बातमी भोंग्याच्या आधीच पोचली होती, त्यामुळे गाव इतक्या शिस्तीनं रिकामं झालं की मला भरून आलं. (पहिल्या ट्रॅक्टरवर पहिले सरपंच चढले. मार्गदर्शनासाठी, म्हणाले.) शाळेत प्रत्येकानं आपापल्या घरची माणसं मोजली. सगळ्यांची भरली. मी 'सराव यशस्वी' असं लिहून टाकलं.

भोंगा परत न्यायला मी एकटीच गावात आले, तर शालूबाई आपल्या दारात बसलेली. ठेवणीतलं लुगडं, मांडीवर गाठोडं, हातात कुलूप. मी विचारलं, भोंगा ऐकू आला नाही का? म्हणाली, "आला ना. पन भोंगा नाव घेऊन बोलावते का कोनाले? म्या म्हटलं, येईल कोनी." मी खाली बसले. कोणी आलं नव्हतं, कारण ती दुसऱ्या कोणाच्या तरी ट्रॅक्टरवर असेल असं प्रत्येकाला वाटलं होतं. आणि मामा, मलाही तसंच वाटलं होतं.

त्या संध्याकाळी मी नालवाडीला घरमालकीणबाईंना सहज विचारलं की असा भोंगा इथं वाजला तर माझं दार वाजवाल का? त्या म्हणाल्या, "तुमचं दार त बंदच राह्यते. आमाले वाटते तुमी गावाले गेल्या." बाई मनानं चांगल्या आहेत.

मग मी आराखड्यात नवा रकाना घातला, एकट्या माणसाला बोलावून आणण्याची जबाबदारी कोणाची. शालूबाईपुढं लिहायला मी गावभर नाव मागितलं. सगळे म्हणाले, आमी आहोच ना. पण 'आमी' हे नाव रकान्यात लिहिता येत नाही. शेवटी मी माझं लिहिलं. साहेबांनी शांतपणे विचारलं, "तुम्ही राहता नालवाडीला. भोंगा वाजल्यावर एसटीनं जाणार का?"

बाकी सर्व ठीक. मामींना नमस्कार. घरच्या लहानांना पापा.

आपली भाची,
समीक्षा

ता. क. : पत्र लिहायचं खरं कारण आता सांगते. हिंगणघाटच्या ऑफिसात एक जागा रिकामी होती, ती मी अर्ज करून मागून घेतली. तिथून वडनेर जवळ. पण पोरगी जिल्ह्याच्या ठिकाणी साहेबीण आहे असं आईनं गावभर सांगितलं आहे. तिला हे तुम्ही समजावा. सरकारनं मोठ्या जबाबदारीवर पाठवलं म्हणा. तुमचं ती ऐकते.

दुसरी ता. क. : वरचं सरकारचं वाक्य आता चालणार नाही. आजच साहेबांचा फोन आला. प्रकल्प आपल्या बाजूला येतच नाही, आराखडा कपाटात गेला. ते म्हणाले, अर्ज मागे घ्या, वेळ गेलेली नाही. मी नाही म्हटलं. काल दुपारीच मी खोली सोडली, आणि ही दुसरी ता. क. शालूबाईच्या ओसरीत बसून लिहिते आहे.