रणगाड्यांवरची धूळ

चि. राधेश्याम, अनेक आशीर्वाद.

दोन वर्षांनी लिहितोय, रागावू नकोस. तुझा नवा पत्ता नाही, म्हणून पत्र सध्या माझ्याजवळच राहील. शहागडला शेवटचा ट्रक रंगवताना तू म्हणालास, "दादा, हात थरथरून राह्यला तुझा. ब्रश ठेव आता." तेव्हापासून ब्रश धरायची भीतीच बसली.

माझी नात गंधाली मित्रांसोबत टेबलावर खेळण्यातली सैन्यं मांडून जुन्या लढाया खेळते. तिनं काडेपेटीएवढे सहा रणगाडे रंगवायला दिले. मी ट्रकसारखं चकाचक वार्निश मारलं. ती म्हणाली, "आजोबा, हे लढाईला चाललेत, लग्नाला न्हाई!"

मग त्यांच्यावर धूळ रंगवायला बसलो. धूळ गाडीवर कुठं बसते, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक? चाकांमागं, कोपऱ्यांत कोरडा ब्रश टेकवत गेलो. हात थरथरला, तशी धूळ बारीक, बराबर पसरली.

काल तिच्यासोबत खेळताना बँकेतल्या एका साहेबांनी रणगाडा उचलला आणि धूळ झटकायला जोरात फुंकर मारली. धूळ हलली नाही! सगळे हसले, सगळ्यांत जास्त मी.

आता आणखी बारा रणगाडे रंगवायला आलेत. एकट्यानं वेळेत होतील का, या काळजीनं जेवण जात नाही. तुझा पत्ता लागला की हे पत्र टाकतो; वाचून जल्दी ये, दोघं मिळून रंगवू.

तुझा,
मच्छिंद्रदादा