बाबांसाठी करवंदं

भाईंदर (पश्चिम)
एप्रिल २००७

प्रिय संपदा,

फोन बाबांच्या खाटेशेजारीच असतो, म्हणून हे लिहून आपल्या इमारतीतल्या परागच्या हाती देतेय. तो आज रात्रीच्या गाडीने तुमच्या नागपूरला निघतोय.

तुझ्या संत्र्यांचं बाबांनी कौतुक केलं ना? पातळ साल, भरपूर रस, गेल्या वर्षीपेक्षा गोड. बाळा, दोन वर्षांत त्यांनी त्यातली एक फोडही खाल्लेली नाही. डायलिसिस सुरू झालं तेव्हाच, रक्तात पोटॅशियम वाढतं म्हणून, डॉक्टरांनी संत्रं, मोसंबं, लिंबू सगळं बंद केलं. आजारी माणसाला फळं पाठवायची, एवढंच तुला ठाऊक. आणि पोरगी हौसेने पाठवते, तिला सांगायचं नाही, अशी यांनी मला शपथ घातलेली. पेटी आली की हे खुर्चीत बसून एकेक सोलतात, दोरे काढतात आणि मजल्यावरच्या पोरांना बोलावून वाटतात. पोरांना चव विचारून तीच तुला सांगतात. साली शेजारची हंसाबेन नेते. गूळ घालून त्यांचं लोणचं करते आणि पुन्हा आमच्याच घरी वाटीभर आणून देते, म्हणजे झालंच!

मी थकलेय गं. भाजी उकळून पाणी फेकायचं, मग त्या चोथ्याला फोडणी द्यायची. प्यायचं पाणीसुद्धा कपाने मोजून. डायलिसिसला बोरिवलीला जायच्या दिवशी जिना उतरतानाच त्यांना धाप लागते, रिक्षात बसेपर्यंत मलाही. वरणभातावर लिंबू नसलं तर पानावरून उठणारा हा माणूस, आता मी वाढेन ते मुकाट्याने गिळतो. पूर्वीसारखे चिडले असते तर बरं वाटलं असतं.

परवा चेणे गावाहून रानमेवा विकायला येणारी सावित्री हिरवी करवंदं घेऊन दारात आली. दोन वर्षं मी तिला खालच्या खालीच परत लावायचे. या वेळी यांनीच हाक मारली, अर्धी टोपली घेतली आणि मला मोहरी फेसायला सांगितली. मी भांडले. डॉक्टरांचं नाव काढलं, तुझं काढलं. हे शांतपणे करवंदं चिरून बिया काढत बसले. शेवटी मीही विळी घेऊन समोर बसले आणि खूप रडले.

कारण त्यांचं ठरलंय, संपदा. येत्या सोमवारचं डायलिसिस शेवटचं. त्यानंतर आठवडा, फार तर दोन, असं डॉक्टर म्हणाले. मी नाही म्हणून पाहिलं, पण त्यांच्या हातावर सुईला जागा उरलेली नाही, आणि तो हात रोज मीच बघते. काल त्यांनी मऊ भाताबरोबर करवंदाचं लोणचं खाल्लं, डोळे मिटून, आणि पुन्हा मागितलं. मी वाढलं. तू ये. समजवायला येऊ नकोस, ते मी करून बसलेय. त्यांच्याबरोबर जेवायला ये.

तुझीच,
आई