बिनमिठाची भाकर

माय, तुला वाचता येत नव्हतं. हे पत्र तुझ्यापर्यंत पोचलं असतं तरी मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि नेमकी अडचणीची ओळ मी गाळली असती. तू जाऊन अकरा वर्षं झाली, म्हणून सगळं लिहितो.

परवा रविवारी बाप्तिस्म्याच्या वर्गात एका पोरीनं विचारलं, "सर, माझी आजी येशूला न मानताच गेली. तिचं तारण हुईल का न्हाई?" मी पडलो शाळामास्तर, दोन्ही बाजू मांडल्या. काहींच्या मते विश्वास कबूल केल्याशिवाय तारण नाही. काही म्हणतात, ज्याच्या कानी ते नावच पडलं नाही, त्याला देव त्याच्या वागण्यावरून ओळखील. पोरगी मान डोलावत होती. मला मात्र तू आठवत होतीस. ही दुसरी पळवाटही तुला लागू पडत नाही. तुझ्या कानी ते नाव दर महिन्याला पडत होतं.

मी तोवर ख्रिस्ती झालो होतो. लातूरच्या या घरी तू माझ्याकडे राहायला आलीस, त्याच वर्षी आमच्या चर्चच्या पाळकबाईंचा हात मोडला. चर्चमध्ये दर महिन्याला वाटायची ती प्रभुभोजनाची भाकर कोण करणार? तू म्हणालीस, "आण पीठ." गव्हाची, पातळ, मीठ नाही, खमीर नाही. बाईंचा हात बरा झाला तरी तूच करत राहिलीस. चाकूरला बुद्धविहारात खीर करायचीस, तशीच इथं भाकर. मी तुझ्या बाप्तिस्म्याचं काढलं की मात्र पदर खोचून उभी राहायचीस. "माझ्या बापानं एकदा धर्म बदलला, लई सोसलं त्यापायी. आता पुन्यांदा न्हाई."

एका रविवारी तू चर्चमध्ये मागच्या सतरंजीवर येऊन बसलीस. भाकरीचे तुकडे वाटायचं ताट माझ्या हातात होतं. बाप्तिस्मा नसलेल्याला तुकडा द्यायचा नाही, हा आमचा नियम. मी तुझ्याकडे न बघता ताट तुझ्या पुढ्यातून पुढे नेलं. घरी आल्यावर तू हसत म्हणालीस, "भाकर चालती, भाकर करणारी न्हाई व्हय?" मी नियम समजावून सांगितला. फार शहाणा होतो.

मग तुझं दुखणं. शेवटच्या आठवड्यात मी उरलेला एक तुकडा रुमालात बांधून आणतो, दुधात कुस्करतो आणि तुला न सांगता चमच्यानं भरवतो. चोरून तारण! दुसऱ्याच घासाला तू थांबतेस. "माझ्या हातची न्हाई, पण हाय चर्चातलीच. मीठ न्हाई हिला." मला वाटतं, आता तोंड फिरवशील.

"तुला बरं वाटतंय ना? मग दे," म्हणतेस, आणि वाटी संपवतेस.

दोन दिवसांनी विहारातल्या लोकांनी वंदना म्हणून तुला पोचवलं. मी हात जोडून उभा होतो, ओठ हलवले नाहीत. त्या वाटीबद्दल पाळकांना आजवर बोललो नाही. बोललो तर ते विचारतील, तिनं विश्वासानं खाल्लं का? नाही. माझ्यासाठी खाल्लं. तेवढ्यावर देव तुला आत घेईल का, हे मला ठाऊक नाही, आणि त्याची मला अजून भीती वाटते.

त्या पोरीला "देव दयाळू आहे" एवढं सांगून मी वर्ग सोडला. मग प्रभुभोजन झालं. ती भाकर प्रभूच्या आठवणीसाठी खायची असते, माय. तुकडा जिभेवर ठेवला तेव्हा मला तू आठवलीस. गेली अकरा वर्षं हेच होतंय.