ओळकल्लातलं पाणी

चिक्कम्मा, परवा शिवगंगेला जाऊन आले. मुलाने विचारलं, रविवारी कुठे जाऊ या, फार चढ नको, पण डोंगर हवा, वारा हवा आणि डबा उघडायला सावली हवी. मी लगेच शिवगंगा म्हटलं. सुनेने माझ्या गुडघ्यांकडे बघितलं. मी म्हटलं, शेंड्यापर्यंत नाही येणार, ओळकल्लापर्यंत, त्या पाण्याच्या गुहेपर्यंत येईन आणि तिथे बसेन, तुम्ही जा वर माकडांकडे. आता गाडी थेट पायथ्याशी सोडते, अवघड जागी पायऱ्यांना लोखंडी कठडे आहेत, खाली उसाचा रस मिळतो. हे सगळं तुला कळवायला बसले आहे असं म्हणता आलं असतं, पण ते खरं नाही. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगायला मी इतका वेळ लावला की तू जाऊनसुद्धा आता पंचवीसेक वर्षं झाली.

अण्णांशी लग्न होऊन तू आनेकलहून आमच्या घरी आलीस तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती आणि घर आत्याच्या ताब्यात होतं. तुला चिक्कम्मा, म्हणजे धाकटी आई, म्हणायचं, असं आत्याने मला बजावलं. मी काहीच म्हणायचं नाही असं ठरवलं, आणि एकदा ठरवलं की ठरवलं, हा गुण अण्णांचा. तू विचारायचीस, "पुट्टी, भात वाढू?" आणि मी समोर बसलेल्या अण्णांना सांगायची, "अण्णा, मला भात नको." अण्णा कारखान्यात नकाशे काढायचे. सहा दिवस पाठ वाकवून झाली की सातव्या दिवशी त्यांना कुठला तरी डोंगर लागायचा. तोही बेताचा. ज्या डोंगरावर गप्पा मारत चढता येतं तोच आपला, असं ते म्हणायचे. तुला पहिल्यांदा नंदीच्या डोंगरावर न्यायचं ठरलं, तेव्हा तू हातातली पळी तशीच धरून विचारलंस, "वर काय काम आहे?" अण्णा म्हणाले, हवा खायला. तू म्हणालीस, "हवा खाली नाही? आमच्या आनेकलात लाकडं आणायला चढतात, नाही तर शेळी चुकली तर. उगीच कोण चढतंय?" मला हसू आलं होतं, मी ते भातात तोंड घालून गिळलं.

नंदीवर त्या दिवशी धुकं होतं. तू अनवाणी, पदर कानांवरून घट्ट ओढलेला, आणि धुक्यात हात घालून घालून बघतेस. मग तू हसायला लागतेस, एकटीच. आज हिशेब करते तर तू तेव्हा बावीस वर्षांची होतीस, माझी नात आता त्याहून मोठी आहे. पण तेव्हा मला दिसत होतं ते एवढंच की तू ज्या खडकावर बसलीस तिथे आई बसायची. अण्णांनी शाल एकच आणली होती. दोघी मिळून घ्या म्हणाले. मी ती शाल खडकावर टाकली आणि लांब जाऊन उभी राहिले. परत येताना बसमध्ये तू मला द्राक्षं दिलीस, मी ती खिडकीतून बाहेर बघत खाल्ली.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी तू मला एक कार्ड दिलंस. कन्नडमध्ये, बारीक गोल अक्षरांत, कडेपर्यंत भरलेलं, तुझ्या आईला. "पेटीत टाकून ये, पुट्टी." टपालपेटी गल्लीच्या टोकाला होती. मी तिथपर्यंत गेले, कार्डाचे तुकडे केले आणि गटारात सोडले. घरी येऊन तू विचारलंस तेव्हा मान हलवली. पुढे कितीतरी दिवस टपालवाल्याची सायकल वाजली की तू ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहायचीस. तो पुढे जायचा, तू आत जायचीस. उत्तर येणार कुठून? मी तिथेच पायरीवर बसून पाटी पुसत असायची आणि सगळं बघायची.

आणि मग शिवगंगा निघाली. या वेळी आत्याही आली, कारण हा देवाचा डोंगर. तिने अभिषेकाला तुपाची लोटी घेतली. तू पहाटे उठून चित्रान्न आणि दहीभात केलास, केळीच्या पानांत बांधलास. तुमकूरच्या बसने डाबसपेट, तिथून घोड्याचा जटका, आणि मग पायऱ्या. अर्ध्या तासात मी रडकुंडीला आले. तू मागून म्हणालीस, कुणाला तरी म्हणावं तसं, "वर बघायचं नाही. ते झाड दिसतंय ना, तिथपर्यंतच जायचं. मग दुसरं झाड." मी झाडापर्यंत गेले. मग दुसऱ्या झाडापर्यंत. आजसुद्धा मी दवाखान्याचा जिना तसाच चढते. एका वळणावर माकडाने आत्याच्या हातातून केळी ओढली आणि आत्याने माकडाला अस्सल कन्नडमध्ये जे काही सुनावलं, ते ऐकून अण्णा खडकाला टेकून हसत बसले. खाली तळी, नारळाची झाडं, लाल माती, आणि वारा असा की तुझा पदर सारखा माझ्या तोंडावर येत होता. मला मजा येत होती. ती येऊ नये म्हणून मी फार कष्ट घेत होते.

ओळकल्लाशी आल्यावर मात्र माझी मजा संपली. एका गुहेत वाकून शिरायचं, आत दिवा, पुजारी, आणि खडकात उखळासारखं खोल भोक. त्यात हात घालायचा. आत्याने सगळ्यांच्या देखत सांगितलं, "ज्याच्या मनात पाप, त्याला पाणी लागत नाही." अण्णांनी हात घातलाच नाही. म्हणाले, मला नाही लागलं तर घरी जेवायला मिळायचं नाही. आत्या आत जाऊन ओली बोटं डोळ्यांना लावत बाहेर आली आणि मला म्हणाली, जा. माझ्या डोळ्यांसमोर ते कार्डाचे तुकडे. मी गुहेत पालथी पडले, खांद्यापर्यंत हात घातला. नुसता गार, कोरडा दगड. नऊ वर्षांच्या मुलीचा हात तो केवढा, हे आता कळतं. तेव्हा मला कळलं ते एवढंच की आता बाहेर आत्या उभी आहे आणि सगळं उघडं पडणार. मी हात बाहेर काढेचना. तू माझ्या मागून सरपटत आलीस. "स्वल्प सरक," म्हणालीस, आणि माझ्या हाताशेजारून तुझा हात आत घातलास. तो वर आला तेव्हा मनगटापर्यंत ओला होता, बांगड्यांवरून थेंब गळत होते. तू माझा हात ओढून काढलास, तुझ्या दोन्ही हातांत धरलास आणि चोळ चोळ चोळलास, तळवा, बोटं, नखं. मग स्वतःचे हात पदराला कोरडे करून पुसलेस. पुजारी फुलं निवडत बसला होता. बाहेर आल्यावर आत्याने विचारलं. तू म्हणालीस, "पुट्टीला लागलं. मला नाही, अक्का."

हे एक वाक्य आत्याने जन्मभर पुरवलं. दूध नासलं तर ते त्यामुळे. लोणच्याला तुझा हात लागू द्यायचा नाही, गौरीचा नैवेद्य मी ठेवायचा, कारण माझ्या हाताला पाणी लागलेलं. तू हसून म्हणायचीस, "सरी अक्का, तेवढंच एक काम कमी." तुला मूल झालं नाही, तेव्हा आत्याने तेही नेऊन त्या भोकाशी जोडलं. त्या दिवशी तू हसली नाहीस, उठून मागच्या दारी भांडी घासायला गेलीस. मी तेरा वर्षांची होते. तोंड उघडायला पुरेशी मोठी. मी तुझ्या शेजारी बसून भांडी विसळली, आणि गप्प राहिले. आत्या शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं तू केलंस, मी कॉलेजातून येऊन तिच्या उशाशी बसायची, तेव्हाही एका वाक्याचं काम होतं. मला फार लाज वाटते, चिक्कम्मा. भीती केव्हाच गेली होती, पण सवय गेली नव्हती.

त्या डोंगरावरून उतरताना मी तुझ्याशी पहिल्यांदा बोलले, आठवतं? "चिक्कम्मा, दहीभात उरलाय का?" तू त्याचं काही मोठं केलं नाहीस, पान उघडलंस. दुसऱ्या दिवशी तू मला नवीन कार्ड दिलंस आणि म्हणालीस, "आत नीट ढकल हं." मी धावत गेले, ढकललं, आत पडल्याचा आवाज येईपर्यंत पेटीला कान लावून उभी राहिले. तुझ्या आईचं उत्तर आठवड्यात आलं. नीट ढकल असं तू सहज म्हणालीस की तुला ठाऊक होतं, हे विचारायचं मी अनेकदा मनात आणलं. जीभ रेटली नाही.

परवा गुहेत सुनेने हात धरून नेलं. मला पालथं पडता येत नाही, कशीबशी गुडघ्यांवर बसले आणि हात घातला. हात आता पुरतो. पाणी गार होतं. सून म्हणाली, लागलं का? बाहेरून मुलगा म्हणाला, "आईला लागणारच. आपल्या अज्जीला मात्र कधीच लागलं नव्हतं, ती स्वतःच सांगायची." म्हणजे तू त्यालासुद्धा तेच सांगितलं होतंस. मी तिथूनच ओरडले, "लागलं होतं! मनगटापर्यंत लागलं होतं, मी बघितलंय! लागलं नव्हतं ते मला!" रांगेतली माणसं वाकून बघायला लागली. मुलगा म्हणाला, "बरं बरं, स्वल्प हळू, डोकं आपटेल." बाहेर येऊन मी दोघांना सगळं सांगितलं, आत्याचं, लोणच्याचं, कार्डाचं. दोघांनी डबा न उघडता ऐकलं.

पण एक मी त्यांना सांगितलं नाही, आणि हे पत्र कपाटात ठेवण्याआधी तुला सांगते. ते पहिलं कार्ड मी फाडण्याआधी वाचलं होतं. मला इथून घेऊन जा, असं तू लिहिलं असशील अशी मला आशा होती. तसं असतं तर मी ते पळत जाऊन पेटीत टाकलं असतं. तू लिहिलं होतंस, मुलगी अजून बोलत नाही, पण मायेची आहे, डोंगरावर थंडी होती तर तिने आपली शाल माझ्यासाठी खडकावर ठेवली आणि स्वतः तशीच उभी राहिली. मी ती रागाने टाकली होती, हे तुला खरंच कळलं नव्हतं, की तुझ्या आईपुढेही तू माझा हात ओला करत होतीस, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. थंडी मात्र मला त्या दिवशी फार वाजत होती.