नाव विचारतील तेव्हा

पेरा-आमो, क्रीट
रविवार, ३ ऑगस्ट १९७५
सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. गॅलरीत बसून पेन्सिलीला टोक काढत होतो.

ती. अर्गीरोताईस,
स्टाथिसचा सा. न. वि. वि. व्होलोसला तू, भाऊजी आणि दोन्ही पोरं खुशाल असाल, असं धरून चालतो.

मी पोहोचलो. बोटीत डोळा लागला नाही, कारण सिफिसकाकांचं आमंत्रणाचं पत्र खिशातून पडेल अशी धास्ती होती. पत्राशिवाय गेलो असतो तर त्यांच्या हॉटेलच्या दारावरच्या माणसाने मला आत घेतलं नसतं. अडीच आठवडे खोली फुकट, जेवण फुकट. बाबांच्या अंत्यविधीला जे आले नाहीत, ज्यांनी ‘हॉटेल सोनेरी वाळू’ असं छापलेली फीत लावून फुलांचं चक्र तेवढं पाठवलं, त्यांनी आता मला पोहायची चड्डी भेट दिली आहे. निळी आहे. अजून घातलेली नाही.

खाली वाळूत छत्र्यांच्या सात रांगा आहेत. बाबा ज्याच्याखाली दुपारी झोपायचे ते झाऊचं झाड तिसऱ्या रांगेत सापडलं. त्याला खिळे मारून टॉवेल वाळत न घालण्याची पाटी लावली आहे. पाटीतलं एक अक्षर चुकलंय. दिवसभर बोटींवर नावं रंगवणाऱ्याला सुट्टीतही सुख नाही बघ.

काल संध्याकाळी काकांनी मला स्वीडिश पाहुण्यांपुढे उभं केलं. हा माझ्या भोळ्या भावाचा मुलगा, म्हणाले. मग आपल्या घरची गोष्ट त्यांना चुटक्यासारखी ऐकवली : आजोबांनी मळा थोरल्याला दिला आणि ही खारी वाळू धाकट्या लेफ्तेरिसला, कारण वाळू ही मुलींना नाहीतर अशक्त मुलाला द्यायची वस्तू. थोरल्याला दया आली, त्याने वाळू आपल्याकडे घेतली आणि भावाला डोंगरावरचं शेत दिलं. त्या वेड्याने वर थोरल्याच्या हाताचं चुंबन घेतलं. पाहुणे पोट धरून हसले. गावसभेचे चिटणीस तेव्हा काकाच होते आणि किनाऱ्याच्या नव्या रस्त्याच्या मंजुरीचा कागद त्यांच्या खणात पडून होता, एवढंच सांगायचं ते विसरले. अदलाबदलीनंतर तिसऱ्या महिन्यात रस्त्याच्या खुंट्या ठोकल्या गेल्या. बाबांनी उरलेलं आयुष्य पिरेयसला जहाजांचा गंज खरवडण्यात काढलं आणि तो गंजच छातीत घेऊन गेले. मी पाहुण्यांबरोबर हसलो, ताई. हे तुला सांगायला नको होतं.

आता मुख्य गोष्ट. सतरा तारखेला काकांच्या मिखालिसदादाच्या मुलाचा बाप्तिस्मा आहे, आणि धर्मपिता मी व्हावं असं काकांचं म्हणणं आहे. इथली रीत तुला ठाऊक आहे : वैरातल्या घराने दुसऱ्या घरचं लेकरू बाप्तिस्म्याच्या कुंडातून उचललं की वैर मिटलं. मग कोर्ट नाही, सुरी नाही. वकिलाच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा बाळाला लावायच्या तेलाने हात मऊ करून घे, असं काका म्हणाले. मी विचार करून सांगतो म्हणालो. मला नकार द्यावासा वाटतो. तू सांगशील तसं करीन.

मुलांना पापा. माझ्यावरची तुझी माया अशीच राहो.
तुझा,
स्टाथिस


व्होलोस
शुक्रवार, ८ ऑगस्ट १९७५

चि. स्टाथिसला, ताईचे अ. आ.
पत्र काल आलं. आम्ही बरे आहोत. धाकटीला गालगुंड झालंय, मोठ्याने शेजाऱ्याची काच फोडली. म्हणजे सगळं नेहमीसारखं.

चड्डी घाल आणि पाण्यात जा. त्या वाळूवर पाय ठेवायला तुला कुणाची परवानगी लागत नाही. डोक्यावर टोपी ठेव, नाहीतर टोमॅटो होऊन परत येशील.

नकार देऊ नकोस. हो म्हण, आणि असं म्हण की काकांना वाटावं, भोळ्याचा मुलगा भोळाच निघाला. हेराक्लिओचा तो वकील मी पाहिला आहे. तो बोलत होता आपल्याशी आणि डोळे होते घड्याळाकडे. जमीन काही परत येत नाही. म्हणून बस आणि नीट विचार कर. चर्चच्या दारात पाद्री मुलाचं नाव कुणाला विचारतो? आजोबाला नाही, बापाला नाही. आई तर तेव्हा बाहेर बसलेली असते. विचारतो धर्मपित्याला, आणि त्याच्या तोंडून जे निघेल तेच नाव तोवर बिननावाच्या मुलाला कायमचं लागतं. पहिल्या नातवाला आजोबाचं नाव, ही रीत इतकी पक्की की काकांनी तुझ्याकडून वचनसुद्धा घेतलं नसेल. घेतलं आहे का? नसेलच.

तू बाबांचं नाव घे. लेफ्तेरिस.

त्या माणसाने बाबांचं सगळं घेतलं. आता त्यांचं नावही घेऊ दे. रोज घेऊ दे, सकाळ-संध्याकाळ, नातवाला जेवायला बोलावताना, पाण्यात लांब जाऊ नकोस म्हणून ओरडताना. मला दुसरं काही नको.

घाबरशील हे मला माहीत आहे. घाबर, पण बोल.
तुला जपणारी,
अर्गीरो


पेरा-आमो
बुधवार, १३ ऑगस्ट १९७५
दुपारचे तीन, सगळे झोपलेत, मी नखं कापत होतो.

ती. ताईस,
सा. न. धाकटीला गळ्याभोवती गरम फडकं बांधत जा.

काकांना हो म्हणालो. त्यांनी पाठीवर अशी थाप मारली की घास घशात अडकला. मरियमेच्या सणाचा उपवास चालू असल्याने आम्हाला उकडलेल्या शेंगा आणि पाहुण्यांना कोकरू. काका स्वयंपाकघराच्या दाराआड उभे राहून कोकरू खातात आणि मिशा पुसून शेंगांना बसतात.

तू लिहिलेलं मी चार वेळा वाचलं. मला दोन भीती आहेत. पहिली, तेल लावलेलं मूल हातातून निसटेल. म्हणून नखं कापली आणि रोज एक कलिंगड ओलं करून उचलतोय. दुसरी, पाद्री माझं ऐकणारच नाही. म्हणून गावचे पाद्री पापा-नेक्तारिओस यांच्याकडे जाऊन आडून विचारलं की धर्मपित्याची जीभ अडखळली तर काय करता. ते म्हणाले की तोंड तुझं, कान माझे. जे ऐकीन ते देवाला सांगीन, आणि देवाला एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही.

तिसरीही भीती आहे, ती मारिनावहिनीची. मुलाची आई. घरात माझ्याशी माणसासारखं वागणारी ती एकटीच. मुलाचा पाळणा, पडदे, दूधसुद्धा सासरे ठरवतात, असं ती हसत सांगते, पण हसू ओठांपुरतंच असतं. काल तिने विचारलं, तुझे बाबा कसे होते. चार वर्षांत त्यांचं नाव या घरात एकदाच ऐकलं म्हणे, ते गेल्याची तार आली तेव्हा. मी सांगितलं की बाबा शिट्टी फार वाईट वाजवायचे आणि तरी वाजवायचे. तिच्या लेकराला मी सुरीसारखं वापरू का, ताई? रात्रभर हाच विचार.

सकाळपर्यंत माझं मन जवळजवळ नाही म्हणत होतं. मग काकांनी नाश्त्याला सगळ्या नोकरांसमोर मला उभं करून तालीम घेतली. नाव दोनच तुकड्यांचं आहे, म्हणाले, सि-फिस. चौथीपर्यंत शिकलेल्याला तेवढं झेपेल ना, की बापासारखं अंगठ्यावर भागवायचंय? पाहुण्यांना वाटायच्या शर्करा-बदामांच्या तीनशे पुड्या बांधून झाल्यात, प्रत्येक फितीवर सोनेरी अक्षरांत ‘सिफिस’. एक मला दाखवली. मी अक्षरं तपासली. बरोबर होती.

मी म्हणालो, झेपेल.

तुझ्या आशीर्वादाची फार गरज आहे.
तुझा,
स्टाथिस


हॉटेल सोनेरी वाळू, पेरा-आमो
सोमवार, १८ ऑगस्ट १९७५

चि. सौ. अर्गीरो हिस,
सिफिसकाकाचे शुभाशीर्वाद. किती वर्षांनी लिहितोय, तरी रक्ताचं नातं शाईवाचून सुकत नाही.

काल इथे जे घडलं ते तुला कळलंच असेल, किंबहुना कळण्यापूर्वीच ठाऊक असेल. मी मनात काही ठेवत नाही. सव्वातीनशे माणसांसमोर मी हसलो, पेला उंचावला, माझा भाऊच घरी परत आला असं म्हणालो. बायका रडल्या. पाहुण्यांच्या हातात मात्र पुड्या एका नावाच्या आणि बाळ दुसऱ्याच. कोपऱ्यातल्या टेबलावर कुणीतरी विचारलं की बदाम कुणाचे आणि बाप्तिस्मा कुणाचा, आणि ते टेबल रात्रभर हसत होतं.

मी आज पापा-नेक्तारिओसकडे गेलो. बाप्तिस्मा एकच, म्हणतो. बिशपांकडे फोन केला, तेही तेच. आता राहिला नोंदणीचा कागद. त्यात आईबापांना हवं तर घरात हाक मारायला म्हणून दुसरं नाव जोडता येतं. मिखालिस तयार होईल, पण सूनबाई सही करत नाही. देवाला जे सांगितलं तेच सरकारला सांगीन, म्हणते. तिला हे कुणी शिकवलं?

तुझं ती ऐकेल. तू बाळाच्या आईला दोन ओळी लिही. धर्मपिता झाल्याने स्टाथिस आता आमचा सोयरा, त्याला मी एक शब्द बोलू शकत नाही. बोललो तर गाव मला उंबऱ्याबाहेर उभं करील. तो जाणतो हे. डोंगरावरच्या शेताला लागून माझी जमीन आहे, तिचंही बोलता येईल. बाळाच्या भल्यासाठी विचार कर.

काकावर राग नसावा.
शुभेच्छुक,
सिफिस


पिरेयस
गुरुवार, २१ ऑगस्ट १९७५
पहाटेचे साडेपाच; बोटीतून उतरून तसाच लिहायला बसलो.

ती. ताईस,
सा. न. काकांनी तुला लिहिलंय हे मला बोटीवर चढताना त्यांनीच सांगितलं. काय लिहिलं ते सांगितलं नाही, पण त्यांचा चेहरा पाहून अंदाज आला. मारिनावहिनीला दोन ओळी लिहायच्याच असतील तर धाकटीच्या गालगुंडाबद्दल लिही.

मूल निसटलं नाही. पाद्रींनी विचारलं तेव्हा मी बोटीच्या पाठीवर रंगवतो तसं एकेक अक्षर सोडवून म्हटलं. पापा-नेक्तारिओसनी पापणी न हलवता तेच तीनदा म्हटलं. रीतीप्रमाणे पोरं नाव सांगायला बाळाच्या आईकडे धावत सुटली, सगळ्यांत आधी पोहोचणाऱ्याला नाणं मिळतं म्हणून. मारिनावहिनी बाहेर तुतीखाली बसली होती. तिने ते नाव पोराकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं आणि त्याला दोन नाणी दिली. मी तिला आधी काही सांगितलं नव्हतं. शपथ घेऊन सांगतो.

काका हसले तेव्हा वाटलं, हरलो. त्यांनी पेला उचलला, बाबांना ‘माझा भाऊ’ म्हणाले, मला मिठी मारली, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेलेल्या भावाचंही त्यांनी हॉटेल बांधलं, असं मनात आलं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाश्त्याला बसलो, सोयरा म्हणून आता त्यांच्या उजव्या हाताला बसवतात. बाळ गालिच्यावर होतं. काकांना त्याला बोलवायचं होतं. आधी म्हणाले, ए वाघा. मग, ए राजा. मग, ए छोट्या. मग नुसतीच चुटकी. बाळ झाऊच्या झाडाकडे पाहत बसलं. मारिनावहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, मामंजी, कुणाला हाक मारताय, त्याला नाव आहे. काकांनी पेपर उघडला. तिसऱ्या दिवशीही तेच झालं, आणि चौथ्या दिवशीही. वेटर पोरं आता टेबल पुसताना मुद्दाम त्याला पूर्ण नावाने हाक मारतात, आणि काकांचा कप बशीवर वाजतो.

मी चड्डी घातली आणि पोहलो. पाणी छान होतं. बाळाला घोट्यापर्यंत बुडवलं, लेफ्तेरिस म्हटलं, ते हसलं. त्याचा यात काही दोष नाही, हे मला माहीत आहे. त्याच्यासाठी मी चांगला धर्मपिता होईन, त्याच्या आजोबासाठी नाही.

तुझा लोभ कमी होऊ देऊ नकोस.
तुझा,
स्टाथिस

ता. क. हिशेब तू मागशीलच. सोन्याचा क्रूस ११५०, पांढरे कपडे ६४०, तेल-साबण-टॉवेल ९५, मेणबत्ती ७०, पाद्री २००, बोट जाऊन-येऊन ४८०. एकूण २६३५ द्राख्मा. पैकी देणे : कामावरच्या मालकांचे १०००, महिन्याला शंभर. शिवाय धर्मपिता म्हणून दर ईस्टरला एक मेणबत्ती आणि बुटांचा नवा जोड, पोरगा मोठा होईपर्यंत. पायाचं माप मारिनावहिनी कळवणार आहे. हे देणं मी टपालाने पाठवणार नाही. दर वर्षी जाऊन देईन, काकांच्या उजव्या हाताला बसून.