कडक उन्हात उडणारं ढगांचं विमान

ब्राउनश्वाइग, १२ मे २००६

ती. बाबांना उर्जाचा नमस्कार.

मी मजेत आहे. आईला सांगा, वेळेवर जेवते, मेतकूटही अजून पुरतंय.

बाबा, तुम्ही सोसायटीभर सांगता ना, आमची उर्जा ढगांवर पीएचडी करते म्हणून? मग ऐका. आमचं ढग मोजायचं विमान आभाळ भरून आलं की हँगरमध्ये बसतं, आणि आईच्या कुरडयांना लागतं तसं कडक ऊन पडलं की उडतं! प्रोफेसरांना विचारलं, तर नुसतं ‘गेनाऊ, गेनाऊ’, म्हणजे ‘बरोबर, बरोबर’, म्हणत मान डोलावतात.

परवा चिडून थेट हँगरमध्येच गेले. माझं ढग मोजायचं यंत्र प्लास्टिकमध्ये गुंडाळून कोपऱ्यात टाकलेलं, आणि विमानात त्याच्या जागी जमिनीकडे रोखलेला हा भलामोठा कॅमेरा. हवामान नुसतं नावाला, बाबा. खरं काम दुसऱ्या देशांचे चोरून फोटो काढायचं. आणि त्या देशांवरून उडायची परवानगी मागताना पुढे करतात माझं संशोधन!

फोनवर हे बोलायची भीती वाटली. माझा व्हिसा प्रोफेसरांच्या हातात, म्हणून गप्प बसलेय. तुम्ही काळजी करू नका. बीपीची गोळी घेताय ना?

सोसायटीत कुणी विचारलं, तर उर्जा ढग मोजते असंच सांगा. इथेही सगळ्यांना तेच सांगतात.

तुमची,
उर्जा