सोनेरी टोकाची वायर

शनिवार, रात्र

यंदा माघार घ्यायची नाही, ठरलं.

उद्या चाळीची पूजा. भजनीबुवांच्या आवाजामागे माईकमधून सारखं 'हूंऽऽ' येतं, म्हणून मंडळाचा सेक्रेटरी सतीशदादा सोनेरी टोकाची महागडी वायर घेऊन आला. मी म्हटलं, दोष वायरीत नाही. दरवर्षी तुम्ही मंडळवाले गॅलरीच्या कठड्याला माईकची वायर आणि रोषणाईची माळ एकाच सुतळीने बांधता, माळेतली वीज माईकच्या वायरीत घुमते, त्याचा हा आवाज.

"तू शिवडीला फ्लेमिंगो बघत फिर," दादा म्हणाला. "उद्या साऊंडला हात लावायचा नाही."

गेलोच होतो एकदा, नोकरी बुडवून, बघायला. त्यात लाज कसली? पण चाळीचा साऊंड माझा. कॉलेज सुटलं, नोकऱ्या सुटल्या, हे एकच टिकलंय.

संध्याकाळी ट्रायल. सोनेरी टोकाची वायर माळेबरोबरच बांधून लागली, बुवांनी तोंड उघडलं, हूं तसंच.

"वायरीबरोबर तंबोरा फुकट मिळाला काय रे, सतीश?" बुवा म्हणाले.

मग मी जुनी, काळी टेप गुंडाळलेली वायर माळेपासून सोडवली आणि पलीकडच्या भिंतीने नेऊन जोडली. आवाज एकदम स्वच्छ. तरी दादाचं चालूच, "उद्या माझी लाव. सोनेरी टोकाने फरक पडतोच."

कोणाला पडतो? कानाला की डोळ्याला?

"मग ती देवापुढे ठेव," मी म्हटलं, "माईकला माझीच लागेल."

"बघतो तुला उद्या."

बघ. आयुष्यात पहिल्यांदा मी वेळेआधी हजर असेन.